व्हीगन ताटातले तेल-तूप

वडापाव हा बहुतेक वेळा व्हीगन पदार्थ असतो, हे व्हीगन आहार पाळणाऱ्यांच्याही चटकन लक्षात येत नाही. बटाटा, बेसन, मिरची, लसूण, तळायला बहुधा पामतेल आणि पावात मैदा, यीस्ट, मीठ, पाणी. साध्या पावात दूध नसते, तूप तर नसतेच. खारी आणि टोस्टचेही तसेच. बेकरीत लोणी परवडत नाही म्हणून वर्षानुवर्षे वनस्पती तूप वापरले गेले. एक उदाहरण घेऊ. ठाणे-वाशी मार्गावर ऐरोली आणि ठाणे यांच्या मध्ये दिघा गाव स्थानक जानेवारी 2024 मध्ये सुरू झाले. तिथे उतरून एमआयडीसीतल्या कारखान्याकडे निघालेला कामगार वाटेत वडापाव खातो तेव्हा त्याच्या पोटात प्राणिजन्य काहीही जात नाही. त्याच दिघ्यात मोबाइलवरून पाकीटबंद व्हीगन बटर आणि व्हीगन चीजही घरपोच मागवता येते. एकाला गरिबाचे खाणे म्हणायचे आणि दुसऱ्याला आरोग्याचे, अशी आपली सवय आहे. पण दोन्हींतला स्निग्ध पदार्थ एकाच कसोटीवर तपासला पाहिजे. व्हीगन असण्याची अट एवढीच, की पदार्थात प्राण्यापासून आलेले काही नसावे. त्याच्या जागी कोणते तेल घातले, ते घट्ट कसे केले, किती वेळा तापवले, याबद्दल ती अट काहीही सांगत नाही. दूध-तूप सोडणाऱ्या मराठी घराने हा प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण ‘वनस्पतीपासून बनलेले, म्हणून चांगले’ या समजुतीची किंमत आपण एकदा मोजलेली आहे.

तो अनुभव ठाणे खाडीच्या पलीकडच्या काठावरचा आहे. हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा शिवडीचा कारखाना 1932 मध्ये उभा राहिला आणि 1937 पासून ‘डालडा’ बाजारात आला. तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या प्रक्रियेचे पेटंट जर्मन रसायनतज्ज्ञ विल्हेल्म नॉर्मान यांनी 1902 मध्ये घेतले होते. तिचे भारतातले सर्वांत यशस्वी रूप म्हणजे डालड्याचा पिवळा डबा. तूप महाग, वनस्पती स्वस्त. दिसायला रवाळ, टिकायला उत्तम, आणि शुद्ध शाकाहारी. काही वर्षांतच सणाच्या करंज्या, हलवायाचे पेढे-जिलब्या आणि बेकरीतली नानकटाई वनस्पतीवर होऊ लागली. विरोधही जोरदार झाला. महात्मा गांधींनी वनस्पतीवर कडक टीका केली आणि स्वातंत्र्यानंतर संसदेत तिच्यावर बंदी घालण्याचा प्रस्ताव आला. पण त्या वादाचा सगळा रोख तुपातल्या भेसळीवर होता. ती ओळखता यावी म्हणून वनस्पतीला रंग देण्याची चर्चा झाली, अखेर तिच्यात तिळाचे तेल मिसळणे सक्तीचे झाले, कारण तिळाचे तेल साध्या रासायनिक चाचणीत गुलाबी रंग देते. भेसळ पकडायची सोय झाली. वनस्पतीच्या डब्यातच नेमके काय आहे, हा प्रश्न मात्र पुढची चाळीस वर्षे तसाच राहिला.

डब्यात होते ते ट्रान्स फॅट. त्याचे कारण समजून घेतले की आजची पाकिटेही वाचता येतात. तेल किंवा तूप म्हणजे स्निग्धाम्लांच्या लांब साखळ्या. तुपातल्या, खोबरेलातल्या साखळ्या बहुतांशी संतृप्त आणि सरळ असतात, म्हणून सरळ काटक्यांच्या मोळीसारख्या एकमेकींना घट्ट चिकटून बसतात आणि थंडीत गोठतात. शेंगदाणा, तीळ, करडई यांच्या तेलातल्या असंतृप्त साखळ्यांना मध्येच बाक असतो, त्या तशा रचल्या जात नाहीत, म्हणून तेल पातळ राहते. निकेलच्या सान्निध्यात तापलेल्या तेलात हायड्रोजन सोडला की हे बाक कमी होतात आणि तेल घट्ट होते. प्रक्रिया अर्धवट थांबवली, तर उरलेल्या काही बाकांची दिशाच पालटते. साखळी असंतृप्त राहते पण आकाराने सरळ होते. हेच ट्रान्स फॅट. 1990 मध्ये नेदरलँड्समधल्या मेन्सिंक आणि काटान या संशोधकांनी दाखवले, की त्याने रक्तातले घातक एलडीएल कोलेस्टेरॉल वाढते आणि उपकारक एचडीएल घटते. संतृप्त चरबीने निदान एचडीएल खाली येत नाही. म्हणजे तुपाला पर्याय म्हणून आणलेली वस्तू तुपापेक्षा वाईट निघाली. डेन्मार्कने 2003 मध्ये त्यावर 2 टक्क्यांची मर्यादा घातली. 2009 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने भारतीय बाजारातले नमुने तपासले, तेव्हा वनस्पतीत त्या मर्यादेच्या 5 ते 12 पट ट्रान्स फॅट आढळले. आपल्याकडे अन्नसुरक्षेचे नियमन करणाऱ्या एफएसएसएआयची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली. जानेवारी 2021 पासून 3 टक्के आणि जानेवारी 2022 पासून 2 टक्के.

यावर सरळ आक्षेप येतो: मर्यादा आली, डालड्याचा काळ संपला, मग आजच्या व्हीगन बटरवर जुन्या पापाचे ओझे कशाला? आक्षेपात तथ्य आहे. परवानाधारक कारखान्यात बनलेल्या आजच्या पाकिटात ट्रान्स फॅट जवळजवळ नसते, आणि हा सार्वजनिक आरोग्याचा मोठा विजय आहे. पण घट्टपणाची गरज गेलेली नाही. ब्रेडवर फासायचे लोणी, पिझ्झ्यावर वितळणारे चीज, पापुद्रे सुटणारी खारी यांना घट्ट स्निग्ध पदार्थच लागतो. अर्धवट हायड्रोजनीकरण बाद झाल्यावर उद्योग मुख्यतः दोन तेलांकडे वळला, पाम आणि खोबरेल. पामतेलात सुमारे निम्मी चरबी संतृप्त, खोबरेलात 85 ते 90 टक्के. साजूक तुपात ती 60 ते 65 टक्के असते. तेव्हा तुपातली संतृप्त चरबी टाळायची म्हणून खोबरेलाचे व्हीगन बटर घेणारा माणूस तीच चरबी, कधी जास्तच, घेत असतो. खोबरेल वेगळे आहे, त्यातली चरबी बाधत नाही, असे समाजमाध्यमांवर वारंवार सांगितले जाते. 2020 मध्ये ‘सर्क्युलेशन’ या हृदयविकारविषयक नियतकालिकात 16 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल सुमारे 10 मिलिग्रॅमने वाढल्याचे त्यात दिसले. उलट, संतृप्त चरबीच्या जागी बहु-असंतृप्त तेल घेतल्यास हृदयविकाराचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी घटते, असा निष्कर्ष अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2017 मध्ये नियंत्रित चाचण्यांवरून काढला. कोकणी माणूस पिढ्यान्‌पिढ्या नारळ खात आला, मग त्याला काय झाले, असे कोणी विचारील. पण आमटीत वाटलेला ओला नारळ आणि कारखान्यात शुद्ध केलेले खोबरेल यांत फरक आहे. पहिल्यात तंतू आहेत, पाणी आहे, आणि तो भात, मासे, कुळीथ यांच्या जोडीला बेताने येतो.

व्हीगन चीजची गोष्ट आणखी वेगळी. दुधाच्या चीजमध्ये 100 ग्रॅममागे साधारण 20 ते 25 ग्रॅम प्रथिने असतात. खोबरेल आणि स्टार्चपासून बनलेल्या व्हीगन चीजमध्ये ती बहुधा नाममात्र असतात. उरते चरबी, पिष्ट, मीठ आणि चव. चीज किंवा पनीर सोडणारा माणूस चरबीबरोबर प्रथिनेही सोडतो आणि पर्यायात त्याला फक्त चरबी परत मिळते, हा तोटा ‘कोलेस्टेरॉल शून्य’ या ठळक अक्षरांखाली झाकला जातो. कोलेस्टेरॉल कोणत्याच वनस्पती तेलात नसते. ते लिहून त्या वस्तूचा काही विशेष गुण सिद्ध होत नाही. बदामाच्या पाकीटबंद दुधाचेही असेच. त्यात बदाम दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असतात, त्यामुळे पेलाभर दुधात एखादा ग्रॅम प्रथिने मिळाली तरी खूप. सोयाबीनच्या दुधात मात्र तेवढ्याच पेल्यात सुमारे सात ग्रॅम मिळतात, आणि त्यातली चरबी मुख्यतः असंतृप्त. म्हणून सगळे पर्याय एका पारड्यात टाकणे अन्यायाचे होईल. टोफू, सोया दूध, सोया वडी यांवरही प्रक्रिया होते, तरी ते चांगले अन्न आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका चाचणीत 36 जणांनी आठ आठवडे मांस आणि आठ आठवडे वनस्पतिजन्य नकली मांस खाल्ले. दुसऱ्या काळात त्यांचे एलडीएल कमी झाले. प्रक्रिया झाली म्हणजे वस्तू विष झाली, असे हा लेख म्हणत नाही. प्रक्रियेने काय काढले आणि काय घातले, एवढे पाहायचे.

ते पाहण्यात आणखी एक अडचण आहे आणि ती महाराष्ट्रात विशेष जाणवते. मार्च 2025 मध्ये विधानसभेत आमदार विक्रम पाचपुते यांनी बनावट पनीरचा प्रश्न मांडला आणि ‘अ‍ॅनालॉग’ हा शब्द घराघरांत पोचला. दुधाची चरबी काढून तिच्या जागी पामतेल घातलेले पनीर किंवा चीज म्हणजे अ‍ॅनालॉग. ते दुधाचे म्हणून विकणे ही फसवणूक, हे सर्वांना कळले. व्हीगन माणसाची फसवणूक मात्र उलट बाजूने होते. अशा पनीरमध्ये वनस्पती तेल असले तरी बहुधा दुधाची भुकटी किंवा केसीन हे दुधातले प्रथिनही असते. चहा-कॉफीत घालायच्या ‘नॉन-डेअरी’ भुकटीत सोडियम केसिनेट आढळते, काही मार्जरीनमध्ये दुधाचे घन पदार्थ असतात. पाकिटावरचा हिरवा ठिपका फक्त शाकाहाराची हमी देतो, आणि आपल्या कायद्यात दूध शाकाहारी आहे. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयने वेगळे चिन्ह ठरवले, ‘व्ही’ अक्षर आणि त्यावर रोपटे, आणि 2022 मध्ये त्याचे स्वतंत्र नियम लागू केले. पण सुट्या पनीरवर, बेकरीच्या बरणीतल्या बिस्किटांवर, हॉटेलातल्या ग्रेव्हीवर कोणतेच चिन्ह नसते.

आता मूळ प्रश्न. लोण्याचे ताटातले काम काय? कोरड्या भाकरीला ओलावा देणे, तिखटाचा दाह कमी करणे, अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे शरीरात शोषली जावीत यासाठी स्निग्धता पुरवणे, आणि पोट भरल्याचे समाधान देणे. हे काम दुधाशिवाय करण्याची सोय महाराष्ट्रात फार पूर्वीपासून आहे, आणि ती घट्ट तेलाची नाही. सोलापुराकडे, मराठवाड्यात ज्वारीच्या भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी आणि वर करडईचे कच्चे तेल घेतात. विदर्भ-मराठवाड्यात जवसाची चटणी आहे, नाशिक-नगरकडे कारळाची, सगळीकडे तिळाची. भाजीत दाण्याचे कूट, कोकणात नारळाच्या रसातले शिरवाळे आणि सोलकढी. दिघा, ऐरोली, रबाळे या पट्ट्यात राज्याच्या सगळ्या भागांतून कामासाठी आलेली कुटुंबे राहतात. या चटण्यांच्या कृती तिथल्या बायकांना वेगळ्या शिकवाव्या लागणार नाहीत. पोषणाच्या हिशेबातही हे पदार्थ पाकिटावर मात करतात. शेंगदाण्यात जवळपास निम्मे तेल, पण त्याबरोबर 25 टक्के प्रथिने. तिळात तेलाबरोबर भरपूर कॅल्शियम, जरी सालातल्या ऑक्झलेटमुळे ते सगळे शरीराला मिळत नाही. जवसात सुमारे 40 टक्के तेल आणि त्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-3 प्रकारचा. तेल वेगळे न काढता बीच खाल्ले की चरबीसोबत तंतू, प्रथिने आणि ई जीवनसत्त्व एकत्र येतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2024 मध्ये दिलेल्या आहारसूचनांत 2000 कॅलरींच्या दिवसाच्या ताटात तेल-तूप 27 ग्रॅम आणि सुकामेवा-तेलबिया 35 ग्रॅम सांगितल्या आहेत. तेलापेक्षा बिया जास्त, हे प्रमाण लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्या घरांत ते बहुधा उलटे असते.

पारंपरिक म्हणून सगळे बिनचूक, असेही नाही. करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात सुमारे 75 टक्के ओमेगा-6 आणि ओमेगा-3 जवळजवळ शून्य, कारळाचेही तसेच. शेंगदाणा आणि तिळातही ओमेगा-3 नगण्य. दुधाबरोबर मासे-अंडीही सोडलेल्या माणसाला ही उणीव भरून काढायची, तर जवस, अक्रोड किंवा सोयाबीन यांसारख्या पदार्थांशिवाय गत्यंतर नाही. चमचाभर, म्हणजे सुमारे सात ग्रॅम, जवसाच्या पुडीतून दीड ग्रॅमच्या आसपास ओमेगा-3 मिळते आणि दिवसाची गरज साधारण तेवढीच आहे. जवस सबंध गिळला तर तसाच बाहेर पडतो, म्हणून कुटून घ्यावा. त्याचे तेल तापवले की लवकर बिघडते, म्हणून फोडणीला वापरू नये. शरीर या ओमेगा-3 पासून मेंदूला लागणारे डीएचए फारच थोडे बनवते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या व्हीगन स्त्रियांनी शेवाळापासून काढलेले डीएचए घ्यावे की नाही, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. मासेही ते मुळात शेवाळातूनच मिळवतात.

घट्ट वनस्पती चरबी हवीच असेल, तर तीही कोकणात आहे आणि तिला कारखाना लागत नाही. कोकमाच्या बिया कुटून, पाण्यात उकळून वर आलेली चरबी मुठीने वळून ठेवायची. दक्षिण कोकणात तिला मुठेल किंवा भिरंडेल म्हणतात. पायाच्या भेगांना लावायचे औषध म्हणून ती आता ओळखली जाते, पण ती खाद्य आहे. खोलीच्या तापमानाला ती दगडासारखी घट्ट असते आणि 40 अंशांच्या जवळपास वितळते. तिच्यात मुख्यतः दोन स्निग्धाम्ले, निम्म्याहून अधिक स्टिअरिक आणि एक तृतीयांशाहून जास्त ओलेइक. स्टिअरिक आम्ल संतृप्त असूनही एलडीएल फारसे वाढवत नाही, हे आहारशास्त्रात मान्य आहे. युरोपीय संघाच्या 2000 सालच्या चॉकलेटविषयक कायद्यात कोको बटरबरोबर वापरायला ज्या सहा वनस्पती चरबींना परवानगी आहे, त्यांत कोकम आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आगळ आणि सोले काढल्यावर बियांचा ढीग उरतो. त्यापासून खाण्याची चरबी काढून बेकरीपर्यंत पोचवण्याचे काम एखाद्या सहकारी संस्थेने अंगावर घेतले, तर पामतेलाला एक चांगला स्थानिक पर्याय उभा राहील. उत्पादन थोडे आहे, त्यामुळे दिघ्यातल्या खारीत पामतेलाऐवजी मुठेल उद्या येणार नाही; पण ही वाट संशोधनाच्या आणि पैशाच्या लायकीची आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत खरा आहे. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या घरात चटण्या कुटायला वेळ कुणाला? आणि ज्याने प्राण्यांच्या यातना नकोत म्हणून दूध सोडले, त्याला एलडीएलचे आकडे ऐकवून काय उपयोग? दुसऱ्याचे उत्तर आधी. नैतिक कारणाने दूध सोडणाऱ्याचा निर्णय कोणत्याही तेलाच्या गुणदोषांनी बाद होत नाही. उलट त्याने तो निर्णय चाळीस वर्षे निभावावा म्हणूनच त्याचे ताट नीट असले पाहिजे. वाढदिवसाच्या पिझ्झ्यावर व्हीगन चीज घातले तर काही बिघडत नाही. रोजच्या डब्यातला प्रथिनांचा आणि चरबीचा मुख्य पुरवठा त्यावर सोपवू नये, एवढेच. वेळेचे म्हणाल, तर जवस-तिळाची पुडी रविवारी एकदा मिक्सरमध्ये फिरवली की आठवडा निघतो. लोणी फासण्याइतक्याच वेळात ती भाकरीवर पडते. बाहेर खाताना मात्र कढईतले तेल काळपट आणि फेसाळ दिसले, तर तिथला वडा सोडून द्यावा. पुनःपुन्हा तापवलेल्या तेलात घातक ध्रुवीय संयुगे साठतात. त्यांचे प्रमाण 25 टक्क्यांवर गेलेले तेल वापरू नये, असा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे, पण गाडीवर तो मोजायला कोणी येत नाही.

आणि एक गोष्ट तेलाच्या चर्चेत मागे पडते: बी-12 जीवनसत्त्व. ते जवसात नाही, शेंगदाण्यात नाही, मुठेलात नाही, आणि मुद्दाम घातले नसेल तर कोणत्याही व्हीगन दुधात किंवा चीजमध्येही नाही. त्याची कमतरता वर्षानुवर्षे कळत नाही, आणि कळते तेव्हा मज्जातंतूंना इजा झालेली असू शकते. दूध सोडण्याचे ठरवले असेल, तर पहिल्याच महिन्यात रक्त तपासून घ्या, डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-12 ची गोळी सुरू करा, आणि व्हीगन बटरच्या पाकिटाऐवजी वाण्याकडून अर्धा किलो जवस आणा.